रोटर कोणी मारला?

ग्रुप: मळेकरी, उत्तर लंडन (भाजीपाल्याचे भाड्याचे प्लॉट)
शनिवार, ९ मार्च २०२४

विद्याताई (७:४८): शुभ सकाळ. मंडळाच्या प्लॉटवर काल रोटर कोणी मारला? मी आत्ता गेटवरून बघून आले. कोणाचं नाव घ्यायचं नाहीये, फक्त विचारतेय.

संदीप: नाव घ्यायचं नाहीये, फक्त विचारतेय 😂

विद्याताई: संदीप, सकाळी सकाळी नको.

विद्याताई: फोटो टाकलाय. डबकी दिसतायत का? परवा नव्हती. वरची माती लोणी थापल्यासारखी चकचकीत झालीये. पाणी आता खाली जाणारच नाही.

शुभांगी: सर्वांना नमस्कार 🙏 खताचे प्रत्येकी १२ पौंड अजून पाच जणांकडून यायचे आहेत. कृपया आज टाकावेत.

नाना: वाफसा नसताना, म्हणजे माती कामाजोगी कोरडी झाल्याशिवाय, रोटर मारू नये. बुधवारीच लिहिले होते. वर जाऊन वाचावे.

मंदार: मीच मारला. लपवण्यासारखं काय आहे त्यात? ऑगस्टमध्ये प्लॉट पडीक म्हणून साइटच्या कमिटीचं पत्र कोणाच्या नावावर आलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. एप्रिलमध्ये परत पाहणी आहे. १० रॉडचा अख्खा प्लॉट, म्हणजे अडीचशे चौरस मीटर, आणि निम्म्यावर गवत. मशीन एका दिवसासाठी भाड्याने मिळालं, दुपारी ऊन पडलं, मारून टाकलं. जानेवारीपासून ग्रुपवर नुसतं 'बघू' आणि 'पाऊस थांबू दे' चाललंय.

प्रिया: भाडंही आम्हीच भरलंय. ते कोणी विचारलं नाही.

संदीप: महाशिवरात्रीला, साबुदाणा खाऊन, रोटर. भोळे शंकर प्रसन्न.

नाना: दोन तासांच्या उन्हाने लंडनची चिकणमाती सुकत नाही, मंदार. ऑक्टोबरपासून वादळेच चालू आहेत. बाबेट, सिअरन, हेंक, ईशा, जोसलिन.

संदीप: ईशा वादळाच्या आठवड्यात आमच्या ईशाला शाळेत कोणी नावाने हाकच मारली नाही, सगळे 'स्टॉर्म'च म्हणायचे.

मीनल: तुमच्या ईशाचं वादळ आम्ही गणपतीच्या कार्यक्रमात बघितलंय 😄

विद्याताई: विषय भरकटवू नका. आणि मंदार, ते साधं गवत नाही, काउच ग्रास आहे. पांढऱ्या मुळांचे तुकडे तुकडे केलेस तू. आता प्रत्येक तुकड्याला कोंब येणार. कोपऱ्यात बाइंडवीडचं वेलीसारखं तणही होतं, त्याचंही तेच.

नाना: इंग्लंडची हरळीच ती. बागेच्या काट्याने (फोर्कने) उकरून, मूळ न तोडता वेचायची असते.

मंदार: वेचायला कोण येणार होतं? फेब्रुवारीतल्या रविवारी किती जण आले होते? मी, नाना आणि चहाचा थर्मास.

(हा मेसेज डिलीट केला आहे)

मंदार: बंडूकाका, काय होतं ते?

बंडूकाका: काही नाही. चुकून दाबलं गेलं.

अर्चना: नमस्कार, मी नवीन आहे, प्लॉट ३१ अर्धा. भांडणात विचारते म्हणून सॉरी. बटाटे आजच लावायचे होते. रॉकेट जातीचे आणलेत, ट्रेमध्ये कोंब आलेत. लावू ना?

विद्याताई: नको!!

नाना: अर्चना, स्वागत. आधी मातीची परीक्षा. वीतभर खालची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा, मग अंगठ्याने ढकला. भुगा झाला तर काम सुरू. अंगठ्याखाली चेपून चकाकला तर घरी जा. बुटाला माती चिकटत असेल तर परीक्षाही नको, तेच उत्तर. ओल्या चिकणमातीवर एक पाऊल पडले तरी आतली हवेची पोकळी दबते, मग मुळांना श्वास नाही आणि पाण्याला वाट नाही. मिरजेला काळ्या रानात आमचे वडील हेच बघायचे. औत तयार असले तरी दोन दिवस थांबत.

मंदार: नाना, मिरजेत मार्चमध्ये कोट घालून उभं राहावं लागत नाही. इथे वाफशाची वाट बघत बसलो तर मे उजाडतो.

नाना: उजाडू दे. मे मध्ये लावलेले बटाटेसुद्धा येतात. मार्चमध्ये कुजलेले येत नाहीत.

संदीप: 👏👏 हे मगवर छापून घ्या.

विद्याताई: अर्चना, ट्रे थंड पण उजेडाच्या जागी ठेव, डोळे वर. पोर्चची खिडकी चालते. थंडी गोठण्यापर्यंत गेली तर आत घे. अंधारात ठेवलेस तर लांब पांढरे कोंब येतात आणि हात लावला की मोडतात. आखूड, जाड, हिरवट-जांभळे हवेत. घाईच असेल तर पोत्यात लाव. ४० लिटरच्या पिशवीत दोन बटाटे, खाली भोकं, थोडं कंपोस्ट, कोंब वर आले की वरून आणखी भर. प्लॉटवर जायची गरजच नाही.

बंडूकाका: आमचे शेजारी, प्लॉट १२ चे म्हातारे, गुड फ्रायडेला लावतात. पन्नास वर्षं.

विद्याताई: काका, गुड फ्रायडे दरवर्षी हलतो. कधी मार्च, कधी एप्रिल. यंदा २९ मार्चला आहे. मातीला कॅलेंडर वाचता येत नाही.

शुभांगी: खताचे प्रत्येकी १२ पौंड. अजून पाच जण. नावं टाकायला लावू नका प्लीज 🙏

विद्याताई: शुभांगी, माझे त्या पाचात आहेत आणि मी आत्ता देणार नाहीये. आधीही सांगितलंय. त्या तबेल्यातलं खत मी परीक्षा केल्याशिवाय वाफ्यात घालणार नाही. दोन वर्षांपूर्वी टोमॅटोची पानं कशी वळली होती आठवतंय ना? नेच्यासारखी.

शुभांगी: ताई, पैसे ट्रॅक्टरवाल्याला देऊन झालेत. माझ्या खिशातून. खत चांगलं की वाईट हा वेगळा मुद्दा आहे.

मीनल: वेगळा कसा?

मंदार: कीटकनाशक होतं का ते?

विद्याताई: तणनाशक. अमिनोपायरॅलिड. कुरणात रुंद पानांचं तण मारायला फवारतात. घोडा ते गवत खातो, त्याला काही होत नाही, पण औषध लिदीतून जसंच्या तसं बाहेर येतं. खतात महिनोन्‌महिने टिकतं. मग बटाटे, टोमॅटो, वाटाणे, सगळ्या शेंगा वाकड्या. तबेलेवाल्यालाही माहीत नसतं, गवत विकत आणलेलं असतं.

विद्याताई: परीक्षा सोपी आहे. थोडं खत, थोडं विकतचं कंपोस्ट, कुंडीत ब्रॉड बीन्सच्या चार बिया. दुसऱ्या कुंडीत नुसतं कंपोस्ट आणि चार बिया. तीन-चार आठवडे. दोन्हीकडची पानं सरळ आली तर मी स्वतः १२ नाही, १५ देईन.

शुभांगी: म्हणजे एप्रिलमध्ये. ठीक. बाकी चौघांनी तरी आज द्या.

संदीप: मी दिलेत ना?

शुभांगी: नाही, संदीप. तू मागच्या वर्षीचे दिलेस.

मीनल: बाकी सगळं राहू दे, ती कुंपणाची हेज कधी कापायची? गेटजवळ काटे डोळ्यात जातात.

विद्याताई: आता नाही. १ मार्चनंतर पक्षी घरटी बांधतात, ऑगस्टपर्यंत हात लावायचा नाही. वापरातलं घरटं मोडणं इथल्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. गेटवरची एक फांदी नीट बघून हाताने काप, तेवढंच.

नाना: कापाकापी निघालीच आहे म्हणून लिहितो. प्लमला जानेवारीत कात्री कोणी लावली? प्लम उन्हाळ्यात छाटायचा. हिवाळ्यात जखमेतून सिल्व्हर लीफ रोग शिरतो. सफरचंद चालते, तेही कळ्या फुटायच्या आत.

संदीप: एकच फांदी होती नाना. डोक्याला लागत होती.

नाना: डोके वाकवावे.

मीनल: 😂😂😂

नाना: शरदातल्या रासबेरीच्या काठ्या अजून उभ्या आहेत. त्या फेब्रुवारीतच जमिनीलगत कापायला हव्या होत्या. ते काम वाटेवर उभे राहून होते, माती तुडवावी लागत नाही.

अर्चना: स्लगचं (बिनशंखाच्या गोगलगायींचं) काय करायचं? शेडमध्ये आधीच्या लोकांनी ठेवलेला निळ्या गोळ्यांचा डबा सापडलाय.

बंडूकाका: उत्तम. वापरा. मी पण तेच वापरतो.

विद्याताई: काका!! त्या गोळ्यांतल्या मेटाल्डिहाइडवर २०२२ पासून बंदी आहे. वापरायच्या नाहीत आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकायच्या नाहीत. रिसायकलिंग सेंटरला विचारून द्यायच्या.

बंडूकाका: मी वापरतो म्हणजे वापरायचो.

प्रिया: काका, आमचा बिस्किट गेल्या जूनमध्ये तुमच्या प्लॉटमध्ये शिरला होता.

बंडूकाका: कुत्रा साखळीत ठेवायचा असा साइटचा नियम आहे, तो पण वाचा.

प्रिया: नियम कोण शिकवतंय बघा.

नाना: अर्चना, फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या मिळतात, त्या चालतात. यंदा हिवाळा ऊबदार आणि ओला गेला, त्यामुळे स्लग फार असणार. रात्री टॉर्च घेऊन वेचणे हाच खरा उपाय. फळी टाकली की सकाळी तिच्याखाली सापडतात.

मंदार: बरं. ऐका. मी रोटर मारला तो मारला. परत उलटा मारता येत नाही. आता काय करायचं ते सांगा, कारण पाहणीच्या दिवशी कमिटीसमोर मीच उभा राहणार आहे, ग्रुप नाही.

विद्याताई: हे आधी विचारलं असतंस तर.

मंदार: ताई, आता विचारतोय.

नाना: पहिले म्हणजे त्यावर कोणीही जायचे नाही. ढेकळे फोडायची नाहीत, सपाट करायचे नाही. चार कोरडे दिवस आणि वारा मिळाला की काटा खोल रोवून नुसता मागेपुढे हलवायचा. माती उलटायची नाही, खालच्या गुळगुळीत थराला भोके पडली पाहिजेत. वर दोन इंच कंपोस्ट पसरायचे, बाकी गांडुळांवर सोडायचे. निम्मा भाग काळ्या प्लास्टिकने झाकावा. पाऊस अडतो, माती जरा गरम राहते, आणि हरळीला उजेड मिळत नाही. कमिटी झाकलेल्या जागेला पडीक म्हणत नाही, मी सेक्रेटरीला विचारले आहे. कार्पेट मात्र नको, त्यावर बंदी आहे.

मंदार: विचारलंत कधी?

नाना: बुधवारी. मेसेजमध्ये तेही होते.

संदीप: वर जाऊन वाचावे.

विद्याताई: आणि तोवर घरी करता येतील अशी भरपूर कामं आहेत. ब्रॉड बीन्स टॉयलेट रोलच्या नळ्यांत, कांद्याचे सेट (लावायचे छोटे कांदे) मॉड्युलमध्ये (खणांच्या ट्रेमध्ये), टोमॅटो खिडकीत. मिरच्या अजून पेरल्या नसतील तर आजच पेरा, त्यांना वीस-पंचवीस अंश लागतात, बॉयलरच्या कपाटात ठेवा. मेथी-कोथिंबीर बाहेर पेरायची घाई नको. मागच्या वर्षी मीनलने मार्चमध्ये पेरली आणि काय झालं ते आपण पाहिलं.

मीनल: माझी मेथी थंडीने गेली नाही ताई, कोणीतरी कापून नेली. आणि कोणी ते मला माहीत आहे.

बंडूकाका: परत सुरू झालं.

मीनल: काका, मी तुमचं नाव घेतलं का?

अर्चना: मेथी इथे येते?? 😍

मीनल: ये माझ्या प्लॉटवर, एप्रिलअखेरीस फ्लीसच्या पातळ कापडाखाली पेरू आपण दोघी. कुलूप लावून.

मंदार: काळं प्लास्टिक मी आणतो. वाटेवर आणि वाफ्याकडेने फळ्या टाकायला हव्यात. स्कॅफोल्डिंगच्या जुन्या फळ्या कोणाकडे आहेत?

बंडूकाका: माझ्याकडे सहा आहेत. देईन. पण त्यावर माझं नाव पेंटने लिहिलंय आणि मोजून परत घेणार.

प्रिया: उद्या मदर्स डे आहे, मंदार उद्या कुठेही येणार नाही. आधीच सांगते.

मंदार: उद्या नाही. मंगळवारी संध्याकाळी, पाऊस नसेल तर.

शुभांगी: मंगळवारी येणाऱ्यांनी १२ पौंड सोबत आणावेत. रोख चालेल. आता चार जण.

संदीप: शुभांगी, अकाउंट नंबर परत पाठव ना, जुन्या फोनमध्ये राहिला.