अकरा विजय, दोन पराभव: घरच्या ग्रुपवर गणपतराव

धाकटी: नाना, जागे आहात का? कॉलेजात एका आमदाराच्या कारकिर्दीवर दहा मिनिटं बोलायचंय. बाकी सगळ्यांनी मुख्यमंत्री झालेले नेते निवडलेत. मी सांगोल्याचे गणपतराव देशमुख, म्हणजे आपले आबासाहेब, घेतले. सुरुवात कुठून करू?

आत्या: वा! चांगली निवड. नाना आत्ता शेतावर असतील, येतील नऊपर्यंत.

काका: (पुढे पाठवलेला संदेश) भारतात सर्वाधिक म्हणजे ११ वेळा निवडून येणारे एकमेव आमदार! हा विक्रम आजवर कुणी मोडला नाही. अभिमान असेल तर पुढे पाठवा.

काका: हे घे. पहिलं वाक्य तयार.

दादा: काका, हे वाक्य तिच्या भाषणात नको. तमिळनाडूत करुणानिधी १३ वेळा निवडून आले, १९५७ पासून २०१६ पर्यंत, एकदाही पडले नाहीत. केरळात पालामधून के. एम. माणी १३ वेळा. आणि ओमन चांडी एकाच पुथुपल्लीतून सलग १२ वेळा. वर्गात एकानं जरी हे विचारलं तरी तिची पुढची नऊ मिनिटं गेली.

काका: अरे पण पेपरात यायचं ना तसं.

दादा: यायचं. महाराष्ट्रापुरतं बोललं तर त्यांच्याइतक्या वेळा विधानसभेत निवडून गेलेला दुसरा माणूस नाही. कालिदास कोळंबकर २०२४ ला नवव्यांदा आले, बाळासाहेब थोरात संगमनेरमधून आठ वेळा येऊन २०२४ ला पडले. तेवढं म्हण. देशाचा विक्रम काढून टाकला म्हणून आबासाहेब लहान होत नाहीत.

वहिनी: मला उलट वाटतं की विक्रम बाजूला ठेवला की माणूस जास्त दिसतो. किती वेळा निवडून आले यापेक्षा कुठल्या वर्षी आले ते बघ.

धाकटी: म्हणजे?

वहिनी: नाना सांगतील नीट. मी अलिबागकडची, मला त्यांच्या शेकापची, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाची, दुसरी बाजू माहीत आहे.

नाना: आलो. सगळं वाचलं. बाळ, वही घे.

नाना: आधी साल लिहून काढ, मग बोलू. विजय: १९६२, १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. झाले अकरा. पराभव: १९७२ आणि १९९५. मतदारसंघ प्रत्येक वेळी सांगोला. पक्ष प्रत्येक वेळी शेतकरी कामगार पक्ष. मूळ गाव मात्र सांगोला तालुक्यात नाही, मोहोळ तालुक्यातलं पेनूर.

नाना: आता यात काय दडलंय बघ. १९६२ ही महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली विधानसभा. जागा २६४, त्यातल्या काँग्रेसच्या २१५. यशवंतराव चव्हाणांचा तो काळ. सोलापूर जिल्ह्यात काँग्रेसविरुद्ध उभं राहणं म्हणजे सोसायटी, कारखाना, बँक, सगळ्यांच्या विरोधात उभं राहणं. त्या सभागृहात शेकापचे १५ आमदार आले. त्यांतले हे एक.

धाकटी: आणि १९६७?

नाना: शेकाप १९ वर गेला. विधानसभा २७० ची झाली होती. तेव्हा पक्ष भरात होता. आणि पाचच वर्षांत, १९७२ ला इंदिरा गांधींची लाट आली. काँग्रेस २२२, शेकाप ७. त्यात आबासाहेबही पडले.

आत्या: ७२ म्हणजे दुष्काळाचंच साल.

नाना: हो. मार्चमध्ये निवडणूक झाली आणि पावसानं पुढं पाठ फिरवली. सांगोल्यात घराघरांतून माणसं खडी फोडायला गेली. तुझी पणजी गेलेली. सुकडी मिळायची पोरांना. रोजगार हमीचा जो कायदा पुढे १९७७ मध्ये झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाला, त्याचं मूळ या कामांत आहे. वि. स. पागे यांचं नाव त्यात घेतात, बरोबरच आहे. पण दुष्काळी कामांवरची मजुरी, वेळेवर पगार, कामाची मागणी यासाठी मोर्चे काढणारे लाल झेंड्यावाले होते, हेही भाषणात येऊ दे.

काका: आणि ७४ ला परत आले.

नाना: पोटनिवडणुकीत. आता एक बारकी गोष्ट. ती मुदत खरं तर १९७७ ला संपायची. आणीबाणीत मुदत वाढली आणि निवडणूक झाली १९७८ च्या फेब्रुवारीत. मग १९८० मध्ये विधानसभा बरखास्त, पुन्हा मतदान. म्हणजे सव्वादोन वर्षांत दोनदा लोकांपुढे जावं लागलं आणि दोन्ही वेळा लोकांनी पाठवलं. तेव्हा अकरा म्हणजे अकरा पंचे पंचावन्न असा हिशोब करू नको. काही मुदती आखूड, काही लांब. १९६२ ते २०१९ मधली सहाएक वर्षं वजा कर, उरलेला सगळा काळ ते सभागृहात होते.

धाकटी: ७८ आणि ८० च्या मध्ये मंत्री झाले ना?

नाना: पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाची आघाडी. जुलै १९७८ मध्ये शरद पवार मुख्यमंत्री झाले, त्यात शेकाप होता आणि आबासाहेब मंत्री. फेब्रुवारी १९८० ला केंद्रानं ते सरकार बरखास्त केलं. दीड वर्षाचा खेळ. दुसऱ्यांदा मंत्रिपद १९९९ नंतर विलासरावांच्या सरकारात.

वहिनी: तेही पुरं नाही. २००२ मध्ये शेकापनं पाठिंबा काढला. रायगडात राष्ट्रवादीशी आमच्याकडे जे बिनसलं होतं त्याची झळ मुंबईपर्यंत गेली. विलासरावांना विश्वासदर्शक ठराव घ्यावा लागला, आमदार बंगळुरूला नेऊन ठेवले होते. सांगोल्याच्या माणसाचं मंत्रिपद अलिबागच्या राजकारणात गेलं असं माझ्या माहेरीसुद्धा म्हणायचे.

आत्या: आता मी जरा कडू बोलू का नाना? अर्ध्या शतकात मंत्रिपद जेमतेम चार वर्षं. बाकी सगळा वेळ विरोधी बाक. शेजारच्या तालुक्यांत साखर कारखाने, कॉलेजं उभी राहिली. आपल्याकडे टँकर. प्रामाणिकपणा मला मान्य आहे, एसटीनं फिरणारा आमदार मी स्वतः बघितलाय. पण तालुक्याला त्याची किंमत मोजावी लागली नाही का?

काका: ताई, असं कसं म्हणतेस.

नाना: म्हणू दे. प्रश्न बरोबर आहे आणि तो भाषणात असलाच पाहिजे. नुसती आरती कुणी ऐकणार नाही.

नाना: माझं उत्तर असं. विरोधी बाकावरच्या आमदाराच्या हातात निधी कमी असतो, पण प्रश्न विचारायचा हक्क तेवढाच असतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा. आबासाहेबांनी ही हत्यारं जन्मभर वापरली. सभागृहात बसून राहायचे, कामकाज सोडून जायचे नाहीत, याबद्दल सत्ताधारीही त्यांचा मान ठेवायचे. आणि ज्याला मंत्रिपद लागत नाही असं एक काम त्यांनी केलं, ते म्हणजे सूतगिरणी. कापूस पिकत नाही अशा तालुक्यात सहकारी सूतगिरणी काढली आणि चालवून दाखवली. राज्यात कित्येक सूतगिरण्या उद्घाटनाच्या पाटीपुढे गेल्या नाहीत. आपल्या भावकीतल्या किती घरांत त्या पगारावर चूल पेटली, तुला माहीत आहे.

आत्या: ते खरं आहे. पण पाण्याचं काय?

तात्या: पाण्याचं मी सांगतो. नानाला लिहायला वेळ लागतो.

तात्या: राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्चावत लवादानं ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्राला दिलं होतं, आणि मे २००० नंतर वाटपाचा फेरविचार होणार होता. पाणी अडवलं नाही तर हातचं जाईल, ही भीती. पण अडवलेलं पाणी जाणार कुणाला? नदीकाठच्या उसाला की आपल्या दुष्काळी माणदेशाला? हा खरा वाद. नव्वदीच्या दशकात आटपाडीला पाणी परिषद सुरू झाली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आपले गणपतराव. आटपाडी, सांगोला, अशा दुष्काळी तालुक्यांची माणसं भाकरी बांधून यायची. मागणी एकच, समन्यायी वाटप. जमीन असो नसो, घरागणिक पाण्याचा वाटा.

तात्या: आता ही तारीख बघ पोरी. आबासाहेब १९९५ ला पडले. कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ ला झालं. टेंभू, म्हैसाळ या योजनांचा जोर तेव्हाचा. म्हणजे ज्या चार-साडेचार वर्षांत त्यांच्याकडे आमदारकी नव्हती, त्याच वर्षांत आपल्या पाण्याची दिशा ठरत होती. आणि तेव्हाही माणूस पाणी परिषदेच्या मांडवात बसलेला. पडलेला पुढारी दोन वर्षं दिसत नाही, हे आपण बघतोच. हा दिसत होता.

आत्या: पाणी पोचायला मात्र पुढं किती वर्षं गेली.

तात्या: गेली. ते मी लपवत नाही. उपसा योजना, वीजबिल, अर्धवट कालवे. माझी अर्धी डाळिंबाची बाग त्यात वाळली. तरी मी त्यांनाच मत दिलं, कारण मागणी मांडणारा दुसरा कोण होता ते मला सांग.

दादा: १९९५ चा आकडा कुणी सांगितलाच नाही. १९२ मतं.

धाकटी: फक्त १९२?

दादा: फक्त. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील जिंकले.

काका: तेच ना, गुवाहाटीच्या फोनवाले? झाडी-डोंगर?

दादा: तेच. अख्ख्या महाराष्ट्राला ते २०२२ मध्ये कळले, सांगोल्याला नव्वदीपासून माहीत आहेत. आता यातली गंमत नाही, गांभीर्यानं बघ. बापू दोनदा जिंकले. १९९५ ला १९२ मतांनी. आणि २०१९ ला शिवसेनेकडून, आबासाहेबांनी वयामुळे उभं राहायचं थांबवल्यावर, त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांच्याविरुद्ध ७६८ मतांनी. दोन्ही मिळून ९६० मतं. एखाद्या मोठ्या गावाच्या एका बूथवर बसतील एवढी. या दोन विजयांच्या मधली २०१४ ची लढत मात्र आबासाहेबांनी बापूंविरुद्ध २५ हजारांहून जास्त मतांनी जिंकली, तेही नव्वदीकडे झुकलेल्या वयात.

वहिनी: आणि ते २०१४ साल. मोदी लाट. भाजप १२२. शेकापचे राज्यात तीन आले: सांगोला, अलिबाग, पेण. मी म्हटलं ना, कुठल्या वर्षी आले ते बघ. १९७२ च्या लाटेत ते वाहून गेले, २०१४ च्या लाटेत नाही. मधल्या बेचाळीस वर्षांत त्यांनी काय जोडलं, त्यावरच भाषण उभं कर.

धाकटी: वहिनी, हे मला खूप आवडलं.

काका: पण मग २०१९ ला नातू उभा केला, ती घराणेशाही नाही का? आपण बारामतीला नावं ठेवतो.

नाना: प्रश्न मलाही तेव्हा टोचला होता. पक्षात चाळीस वर्षं झेंडा उचललेली माणसं होती. नातू शिकलेला, डॉक्टर, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आबासाहेब आपल्या नंतरचा माणूस पक्षात घडवू शकले नाहीत, ही त्यांच्या कारकिर्दीतली मोठी उणीव मी मानतो. ७६८ मतांचा निकाल मी त्याच्याशी जोडतो. तुला पटलं तर लिही, नाही तर सोड.

तात्या: नाना, मला नाही पटत. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख त्याच शहाजीबापूंविरुद्ध २५ हजारांहून जास्तीनं आले. नुसत्या आडनावाला कुणी एवढं देत नाही.

नाना: आडनावाला देत नाही, पण आडनावाशिवाय उमेदवारी मिळाली असती का, ते सांग.

तात्या: ...ते नाही सांगता येत.

आत्या: बरं, भांडू नका. शेकापचे सध्या विधानसभेत किती?

वहिनी: एक. तेच, सांगोल्याचे. २८८ मध्ये एक. अलिबाग, पेण कधीच गेलं. १९६७ ला १९ होते.

धाकटी: नाना, मी हे सगळं कुठे पडताळून बघू? सरांनी पुरावे मागितलेत.

नाना: निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल प्रत्येक विधानसभेचे आहेत, १९६२ पासूनचे. सांगोला शोध, उमेदवार, पक्ष, मतं सगळं मिळेल. आता मतदारसंघाचा क्रमांक २५३ आहे, पण २००८ च्या पुनर्रचनेआधी तो वेगळा होता, तेव्हा नावानं शोध, क्रमांकानं नको. पूर्वी पंढरपूर लोकसभेत होतो, पुनर्रचनेनंतर माढ्यात आलो. गावं इकडची तिकडे झालीत, त्यामुळे १९९० ची मतं आणि २००९ ची मतं सरळ शेजारी ठेवून तुलना करू नको.

दादा: आणि अलीकडच्या निवडणुकांचे बूथनिहाय आकडे फॉर्म २० मध्ये असतात. शपथपत्रंही बघ, मालमत्तेची. ती सक्ती २००३ पासूनची, म्हणजे त्यांच्या शेवटच्या तीन विजयांची मिळायला हवीत.

नाना: हे सगळं मतांचं झालं. सभागृहात ते काय बोलले, हे विधिमंडळाच्या कार्यवाहीत आहे. सगळं वाचायला जन्म पुरणार नाही. तू एकच कर. दुष्काळ किंवा रोजगार हमीवरची त्यांची दोन भाषणं काढ, एक सत्तरीतलं, एक २००० नंतरचं. मागणी तीच राहिली का बदलली, ते बघ. हे कुणी केलेलं नाही फारसं.

धाकटी: करते. मग मी १९६२ पासून सुरू न करता १९९५ पासून करू? १९२ मतांनी पडलेला आमदार, आणि तेव्हाची पाणी परिषद. मग मागे ७२, पुढे २०१४.

तात्या: हे ब्येस.

वहिनी: हो, तसंच कर. आणि आत्यांचा प्रश्न मध्ये ठेव, पाण्याला उशीर का झाला.

आत्या: माझा प्रश्न राहिला पाहिजे. सूतगिरणीबद्दल पण लिही. आमच्या शेजारच्या मावशी तिथं होत्या कामाला, विचारून तुला फोन करायला लावते.

काका: मी तो फॉरवर्ड बाकीच्या ग्रुपवरून काढतो. तिथं महाराष्ट्रात सर्वाधिक असं दुरुस्त करून टाकू ना?

दादा: टाका. आणि खाली दोन पराभवांची सालंही लिहा.