मंगळवारी शाळा बुडवून हुरड्याला गेलो. चुकलं का आमचं?

गवतीचहा

आमची मुलगी सहावीत आहे. गेल्या मंगळवारी तिची शाळा बुडवून आम्ही निघोजला गेलो. सोबत नवऱ्याच्या कॉलेजातल्या मित्राचं कुटुंब. त्यांची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. थोरला बारा वर्षांचा, धाकटी आठची. मंगळवारच का, तर रविवारी हुरड्याच्या शेतांवर जत्रा असते, आणि या मंडळींना सगळे वार सारखेच.

सकाळी कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले. नदीच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरून काळा कातळ कोरत जातात, हे मी शाळेत 'नदीचे खननकार्य' म्हणून दोन गुणांसाठी पाठ केलं होतं. त्या थोरल्याने खिशातून सुतळी काढली. हातभर अंतरावर गाठी मारलेल्या, टोकाला दगड. एका कोरड्या खळग्यात सोडून खोली मोजायला लागला. आमची लेक दहा मिनिटं लांब उभी राहून टिंगल करत होती. मग तीच गाठी मोजायला पालथी पडली. (मी तिचा फ्रॉक धरून. पाणी भरलेल्या कुंडांच्या जवळपासही जाऊ दिलं नाही, तेव्हा तो उपदेश नको.)

दुपारी ओळखीच्या मामांच्या शेतात. आगटीभोवती बसून गूळभेंडीचा हुरडा, शेंगदाण्याची चटणी, वर ऊस आणि बोरं. मामा निखाऱ्यातलं कणीस काढून तळहातावर चोळायचे, एक फुंकर मारली की नुसते हिरवे दाणे. लेकीने करून पाहिलं, पोळून घेतलं, परत केलं. बोलता बोलता मामा म्हणाले, ज्वारी कोवळी असताना गुरं शिरली तर किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागून जागच्या जागी आडवी होतात. लेक चोळायची थांबली. "मग आपण खातोय ते?" सात मोठी माणसं होतो, एकालाही उत्तर देता आलं नाही. मामा हसले, "आजवर कुणी गेलं न्हाई, खा."

दुसऱ्या दिवशी डायरीत खरं कारण लिहिलं. वर्गशिक्षिकेचा फोन आला. गणिताची चाचणी हुकली होती. म्हणाल्या, "अहो, ताप आला होता असं तरी लिहायचं!" घरात सासूबाई म्हणतात त्या शाळा न शिकणाऱ्यांच्या नादाला लागू नका. नवरा म्हणतो महिन्यातून एकदा असं जायचंच. माझं मन दोन्हीकडे. तुम्ही काय म्हणाल?

बेचाळीस बाके

चुकलं. मी शिक्षिका आहे, तुमच्या शाळेची नाही. माझ्या वर्गात ४२ मुलं आहेत. मंगळवारी एक गेलं की बुधवारी त्याला अपूर्णांकांचा भागाकार कोण समजावतं? मीच, मधल्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून. तुमच्या मित्राला दोन मुलं आणि पूर्ण दिवस आहे. मला ४२ आणि ३५ मिनिटं. सुतळीला गाठी मारण्याची कल्पना मलाही सुचते हो, ती घेऊन नदीवर जायला मला चार परवानग्या, दोन बस आणि प्रत्येक पालकाची सही लागते.

ताप आला असं लिहा हा सल्ला मात्र मी दिला नसता.

आठवार

आम्ही त्याच जमातीतले, म्हणजे घरी शिकवणारे. चौथं वर्ष. त्यामुळे आधीच पक्षपाती आहे असं समजा.

लोकांना वाटतं आमची मुलं रोज कुठल्यातरी कुंडात सुतळी सोडत असतात. खरं सांगू? बहुतेक दिवस घरातच जातात. मुलगा ११ वाजेपर्यंत लोळतो आणि मी स्वतःला समजावतो की हेही शिकणंच आहे. बायकोने नोकरी सोडली, तो हिशोब कुणी विचारत नाही. पण प्रश्न पडला तर तो संपेपर्यंत त्याच्यामागे जाता येतं, तास संपला म्हणून फळा पुसावा लागत नाही. धागाकर्तीच्या मुलीचा प्रश्न आमच्या घरी पडला असता तर आठवडाभर ज्वारी चालली असती.

काडीपेटी

आठवार, हे कायदेशीर तरी आहे का? शिक्षण सक्तीचं आहे ना आपल्याकडे?

आठवार

२००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. कलम १० म्हणतं की ६ ते १४ वयाच्या पाल्याला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य. पण न केल्यास पालकाला शिक्षा कायद्यात नाही. आणि घरी शिकवा असंही त्यात कुठे म्हटलेलं नाही. म्हणजे आम्ही कुंपणावर बसलोय. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून (एनआयओएस) दहावी देता येते, वय १४ पूर्ण लागतं, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. किंवा राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचं. वाट आहे, पण खडबडीत आहे.

कुकडीकाठ

मी त्याच भागातला. आता पुण्यात नोकरी करतो, घरची शेती भाऊ बघतो. तुमच्यावर राग नाही ताई, पण वाचताना पोटात काहीतरी हललं, ते लिहितो.

मी बारा वर्षांचा असताना याच दिवसांत शेतातल्या माळ्यावर (मचाणावर) उभा असायचो. हातात गोफण. दाणा भरायला लागला की सकाळ-संध्याकाळ पाखरांचे थवे उतरतात, आणि ज्वारीचं पाखरू शनिवार-रविवार बघत नाही. माझी शाळा बुडायची. हजेरीत लाल शाईची फुली पडायची आणि वर गुरुजींची छडी. त्याला कुणी 'अनुभवातून शिक्षण' म्हटलं नाही. मोटारीतून येऊन तासभर कणीस चोळलं की ते शिक्षण, आणि आम्ही पंधरा दिवस पाखरं राखली की ती गैरहजेरी. हे कसं काय?

आणि मामा हसले ते खरंच उत्तर माहीत नव्हतं म्हणून. आमच्यातल्या कुणालाच ते कधी कुणी सांगितलं नाही, शेतातही नाही आणि शाळेतही नाही.

काडीपेटी

पॉपकॉर्न नको, हुरडाच आणा. बसलोय.

फडातली शाळा

कुकडीकाठ यांना शंभरदा +१. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. दिवाळी झाली की माझ्या वर्गातली पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, ती थेट उन्हाळ्यात परततात. हंगामी वसतिगृहाची सोय आहे, काही थांबतात. पण आठ वर्षांची मुलगी गेली नाही तर फडावर तान्ह्या भावाला कोण सांभाळणार? तिथं ती चार-पाच महिने पूर्ण निसर्गात असते. वाढं (उसाचे शेंडे) बांधते, पाणी भरते, मोळ्या मोजते. आम्ही सर्वेक्षणाला जातो तेव्हा तिच्या नावापुढे 'शाळाबाह्य' लिहितो. आठवारांच्या मुलाच्या नावापुढेही तोच शब्द लिहावा लागेल, पण त्यांच्या सोसायटीत सर्वेक्षणाला जातं कोण!

एक मात्र मान्य करतो. शाळेनेच मुलांकडे जायचं, ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. अनुताई वाघ सोबत होत्या. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. गुरं चरतायत आणि पोरं तिथंच शिकतायत. म्हणजे झाडाखाली शिकण्याला माझा विरोध नाही. कुरणशाळा ज्यांना शाळा मिळत नव्हती त्यांच्यासाठी होती. ज्यांना मिळतेय त्यांनी ती सोडून कुरणात जावं, हे उलटं झालं.

आठवार

गुरुजी, टोचलं. पण माझी मुलं शाळेत बसली म्हणून फडावरची मुलगी परत येते का?

फडातली शाळा

नाही येत. पण तुमच्यासारखे बोलके पालक शाळेत असतात तेव्हा शिक्षक वेळेवर येतात, संडासाला पाणी येतं. तुम्ही निघून गेलात की उरतात ते ज्यांना तक्रार करता येत नाही.

दाखल नोंद

सगळे हुरड्यावर बोलतायत, मी एका कागदावर बोलते. शाळा सोडल्याचा दाखला.

माझी जातपडताळणी झाली ती आजोबांच्या शाळेतल्या नोंदीवर. चौथीपर्यंत शिकले होते. गावच्या शाळेच्या जुन्या नोंदवहीत त्यांचं नाव, जन्मतारीख आणि जात, एका ओळीत. ती वही वाळवीतून वाचली म्हणून मी इंजिनिअर झाले. घरी शिकवायचं की नाही हा काही लोकांसाठी विचारांचा प्रश्न असतो, आमच्याकडे तो तीन पिढ्यांच्या कागदाचा असतो. ज्याला दाखल्याची गरज पडणार नाही याची खात्री आहे, तोच शाळा सोडून बघू शकतो. वाईट हेतूने म्हणत नाही, पण या धाग्यावर हे कुणी म्हणेल याची वाट बघत होते, शेवटी स्वतःच लिहिलं.

टेम्सकाठ

इंग्लंडमधून. इथं घरी शिकवणं उघड कायदेशीर आहे. १९९६ च्या शिक्षण कायद्याचं कलम ७ म्हणतं की मुलाला शिक्षण मिळालं पाहिजे, शाळेत नियमित जाऊन किंवा 'अन्यथा'. त्या एका 'अन्यथा'वर हजारो कुटुंबं उभी आहेत. शाळेतून नाव काढायला मुख्याध्यापकांना पत्र दिलं की झालं. उलट नाव शाळेत ठेवून दांड्या मारल्या तर दंड. दहा आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी गैरहजेरी झाली की प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड, ऑगस्ट २०२४ पासून. तुमचा एक मंगळवार त्यात बसला नसता. जर्मनीत मात्र घरी शिकवायला मुळातच मनाई.

आमच्या गल्लीतलं असं एक कुटुंब दर बुधवारी रानात जातं, माझी मुलं खिडकीतून बघतात. मीही बघते.

सासूबाईंची बाजू

मला कुणी विचारलं नाही, तरी लिहिते. मी सासू आहे, दुसऱ्या कुणाची तरी. नातवंडांनी मातीत लोळावं हे आम्हालाच आधी वाटतं. पण आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने गावाला जायचो, त्यासाठी शाळा बुडवावी लागायची नाही. आता सुट्टीत शिबिरं, पोहणं, कोडिंग. सुट्टी शिकवण्यांना देऊन टाकली, म्हणून गाव मंगळवारात कोंबावं लागतंय.

बेचाळीस बाके

सासूबाई, तुमचा प्रतिसाद माझ्या स्टाफरूममध्ये लावते.

बरं, तो अडलेला प्रश्न. विज्ञानही शिकवते, तेव्हा तो तसाच सोडून देववत नाही. ज्वारीच्या पानांत आणि कोवळ्या पोंग्यात धुरिन नावाचं द्रव्य असतं. पान चावलं, चुरगळलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. रोप कोवळं असताना आणि पाण्याचा ताण पडलेला असताना ते सर्वांत जास्त, वाढेल तसं कमी होत जातं. शिवाय रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू ते झपाट्याने मोकळं करतात, म्हणून गाय जागच्या जागी कोसळते. आपण पान खात नाही, दाणा खातो. पक्व दाण्यात ते जवळजवळ उरतच नाही, हुरड्याच्या दाण्यात पानाच्या मानाने अगदी थोडं. त्यातून आगटीची धग: हायड्रोजन सायनाइड २६ अंशांच्या आसपासच उकळतं, ते टिकणार किती. लेकीला म्हणावं प्रश्न पैकीच्या पैकी.

आणि हा प्रश्न माझ्या वर्गात कधीच कुणी विचारलेला नाही, १७ वर्षांत. तेही लिहून ठेवते.

कुकडीकाठ

बाई, हे भावाला फोन करून वाचून दाखवलं. म्हणाला, पाण्याचा ताण पडल्यावर किराळ जास्त लागते हे आम्हाला माहीतच आहे, म्हणून तर पिकाला पाणी दिल्याशिवाय गुरं सोडत नाही. का ते आज कळलं.

गवतीचहा

सगळ्यांचे आभार. दाखल नोंद, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. तो बराच वेळ गप्प होता.

लेकीने बाईंचं उत्तर वाचलं आणि त्या थोरल्या मुलाला फोन केला. त्याने म्हणे त्याच रात्री शोधून काढलं होतं, पण 'तू विचारलं नाहीस' म्हणून सांगितलं नाही. त्यावर दोघांचं भांडण. चाचणी शुक्रवारी परत घेतली, २० पैकी १३. दर महिन्याला दांडी मारायची की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. 'ताप' मात्र लिहिणार नाही.

कुकडीकाठ

ताई, हुरडा हा लाडाचा भाग झाला. मार्चात काढणीला या. ज्वारी आमच्याकडे उपटतात. धाटाच्या कडेने तळवे सोलतात, अंगाला खाज सुटते, आणि बाया पहाटेच लागतात कारण उन्हात उपटवत नाही. पोरांना तेही दाखवा. पैसे नको, उलट मजुरी देऊ.

गवतीचहा

मार्चात हिची सहामाही नंतरची मोठी परीक्षा जवळ आलेली असते हो.

आठवार

आम्ही येतो. किती वाजता?

कुकडीकाठ

पाचला शेतात.

आठवार

मुलगा ११ ला उठतो असं वर लिहिलंय मी. विचारून सांगतो.