आयपी६७ डबीत पण आतून बाष्प धरतंय, दमटपणाची टेस्ट कशी करायची?

प्रश्न
मंडळी, बॅटरीवर चालणारा छोटा सेन्सर बनवलाय, बाहेर उघड्यावर लावायचा आहे. डबी आयपी६७ ची, पाण्यात बुडवून बघितली, थेंबभर आत गेलं नाही. तरी काही आठवड्यांनी झाकणाच्या आतून बारीक थेंब दिसायला लागले आणि रीडिंग उड्या मारतंय. पुढची बॅच करायच्या आधी टेस्ट करायचीय पण चेंबर (तापमान आणि दमटपणा हवा तसा ठेवणारी टेस्टची पेटी) परवडणारं नाही. ८५/८५ टेस्टचं नाव ऐकलंय, तीच करू का?

कॅपॅसिटर_काका
आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, बस. वाफेचं त्यात काहीच येत नाही. प्लास्टिक आणि गॅस्केटमधून वाफ हळूहळू शिरतेच, शिवाय दिवसा डबीतली हवा तापून फुगते, रात्री आकसते आणि फट असेल तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, मग गार झाकणावर तिचं पाणी होतं.

चेंबर नसेल तर हवाबंद डब्यात मिठाचा ओला लगदा वाटीत ठेव. तळाशी न विरघळलेलं मीठ दिसत राहिलं पाहिजे, तरच २५ अंशाला हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांवर टिकतो. पोटॅशियम सल्फेट घेतलंस तर ९७ च्या आसपास. आत छोटा पंखा लाव, नाहीतर हवा सगळीकडे सारखी होत नाही.

दवबिंदू
८५/८५ तुझ्या कामाची नाही. ८५ अंश, ८५ टक्के दमटपणा, सहसा १००० तास, ती सोलर पॅनेल आणि सुट्या पार्ट्ससाठी चालते. लिथियमची बॅटरी त्या तापमानाला आत ठेवूच नकोस, धोकादायक आहे.

तुझा त्रास थेंबांचा आहे ना, मग तापमान खालीवर होणारी टेस्ट हवी. आयईसी ६००६८-२-३० हे टेस्टचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड बघ, २४ तासांचं एक चक्र, २५ वरून ४० किंवा ५५ अंशांपर्यंत. हवा आधी तापते, वस्तू अजून गारच असते आणि दव थेट तिच्यावर बसतं. घरी हे अगदी तसंच जमणार नाही, पण फ्रीजमधून काढलेला सेन्सर कोमट दमट डब्यात ठेवलास तरी बरंच कळेल.

सोल्डरगन
वरच्या दोघांशी सहमत, फक्त टेस्ट करताना सप्लाय चालूच ठेव. नुसता ओलावा कमी बिघडवतो, ओलावा + व्होल्टेज + फ्लक्सची (सोल्डरिंगला लागणाऱ्या रसायनाची) घाण एकत्र आली की एका पॅडकडून दुसऱ्याकडे धातूच्या बारीक फांद्या वाढतात आणि शॉर्ट होतं, भिंगातून दिसतात त्या. आणि तुझा सेन्सर बहुतेक वेळ स्लीपमध्ये असणार, म्हणजे स्वतःच्या गरमीने सुकायची सोयच नाही.

स्लीप करंट (सेन्सर झोपेत असताना बॅटरीतून ओढतो तो करंट) टेस्टच्या आधी, मधे आणि नंतर मोज. बोर्ड वाळला की लीकेज (ओलाव्यातून वाहणारा चुकार करंट) गायब होतं आणि सगळं ठणठणीत वाटतं, म्हणून ओला असतानाच माप घे, पुसू नकोस.

प्रश्नकर्ता
भारी माहिती, धन्यवाद! एक विचारतो, बोर्डवर ओलावा रोखणारं कोटिंग मारायचंय ते टेस्टच्या आधी का नंतर?

सोल्डरगन
दोन्ही. एक बोर्ड कोटिंगचा, एक बिनकोटिंगचा, एकाच डब्यात. कोटिंगच्या आधी फ्लक्स धुऊन बोर्ड पूर्ण वाळव, नाहीतर घाण कोटिंगखालीच अडकते.