पारदर्शक पार्श्वभूमीची चित्रे आणि कॉपीराइट: मुखपृष्ठासाठी ‘मोफत’ पीएनजी वापरावे का?

प्रश्न – रंगरेषा

नमस्कार. मुलांसाठी लिहिलेल्या, कीटकांविषयीच्या एका पुस्तकाचे मुखपृष्ठ मी सध्या करत आहे. मागचा रंग, अक्षरे आणि पानांची नक्षी माझी स्वतःची आहे. मध्यभागी मात्र एक मोठे फुलपाखरू हवे आहे आणि पार्श्वभूमी काढून टाकलेली चित्रे ‘मोफत’ म्हणून देणाऱ्या एका संकेतस्थळावर मला हवे तसे, अगदी मिशांपर्यंत सुबक कापलेले छायाचित्र पीएनजी (पारदर्शक पार्श्वभूमी ठेवता येणाऱ्या चित्रफाइलच्या) रूपात मिळाले आहे. छायाचित्रकाराचे नाव तिथे नाही आणि डाउनलोडच्या बटणाखाली ‘वैयक्तिक वापरासाठी’ एवढेच बारीक अक्षरांत लिहिलेले आहे.

या कामाचे मला मानधन मिळणार आहे आणि प्रकाशकाला सगळे लेअर (चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे थर) शाबूत असलेली फाइल द्यायची आहे. पंखांचे रंग बदलून त्यांवर पोत चढवला, तर ते चित्र माझे ठरेल का? आणि ते ठरत नसेल, तर असे चित्र रीतसर मिळवण्याचा मार्ग कोणता? ज्याने हे फुलपाखरू टिपले, त्याच्या कष्टांवर माझे मुखपृष्ठ उभे राहावे आणि त्याला त्याचा पत्ताही नसावा, हे मला पटत नाही.

उत्तर १ – शाईचा ठिपका

आधी सरळ उत्तर देतो: हे चित्र वापरू नका. ‘वैयक्तिक वापरासाठी’ या अटीत मानधनाचे मुखपृष्ठ बसत नाही. पण समजा ती अट नसती, तरीही माझे उत्तर हेच राहिले असते, कारण परवाना देण्याचा अधिकार केवळ हक्कधारकाला असतो आणि ते संकेतस्थळ हक्कधारक आहे असे दाखवणारे काहीही तुमच्या हाती नाही.

बर्न करारानुसार (१८८६ सालचा हा करार जगातील बहुतेक देशांनी स्वीकारला आहे) कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, नाव छापावे लागत नाही, वर्तुळातले ‘सी’ हे चिन्हही लावावे लागत नाही. छायाचित्र टिपले गेले की हक्क आपोआप निर्माण होतो. म्हणून चित्राखाली नाव नसण्याचा अर्थ एवढाच की ते नाव तुमच्यापर्यंत पोहोचलेले नाही. हक्क त्यामुळे संपत नाही.

पार्श्वभूमी पुसल्याने किंवा रंग बदलल्यानेही तो संपत नाही. पंखांवरचा प्रकाश, कॅमेऱ्याचा कोन, पंख पूर्ण उघडलेला नेमका क्षण, म्हणजे छायाचित्रकाराने निवडलेले सगळे, तुमच्या चित्रात जसेच्या तसे उतरते. अशा कृतीला कायदा रूपांतर मानतो आणि रूपांतर करण्याची परवानगी देणे हाही मूळ कर्त्याचाच हक्क आहे. ‘तीस टक्के बदलले की चित्र आपले’ असे अनेकदा ऐकू येते. असा टक्क्यांचा नियम कोणत्याही कायद्यात माझ्या पाहण्यात नाही. तुम्ही चढवलेल्या पोतावर तुमचा हक्क राहील, त्याखालच्या फुलपाखरावर नाही.

उत्तर २ – मास्क आणि कडा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फाइलकडे कसे पाहावे, एवढे त्यात जोडतो, कारण कापलेले चित्र आपल्या उगमाबद्दल पुष्कळ सांगून जाते.

पीएनजी हा प्रकार १९९५ च्या सुमारास जीआयएफ या चित्रफाइलच्या जुन्या प्रकाराला पर्याय म्हणून तयार झाला. जीआयएफमध्ये प्रत्येक बिंदू एक तर पूर्ण दिसतो किंवा मुळीच दिसत नाही. पीएनजीच्या आठ बिटांच्या अल्फा चॅनेलमध्ये (प्रत्येक बिंदू किती पारदर्शक हे नोंदवणाऱ्या भागात) पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या असतात आणि म्हणूनच फुलपाखराच्या मिशा इतक्या मऊ कापता येतात. मात्र अल्फा शून्य केले, बिंदू पूर्ण पारदर्शक केला, म्हणजे त्या बिंदूचा रंग फाइलमधून गेलाच, असे नाही. अनेकदा तो तसाच दडलेला असतो. अल्फा चॅनेल काढून फाइल उघडून पाहा; कित्येकदा मूळ छायाचित्रातले फूल, मागची झाडी, क्वचित वॉटरमार्कचे (चित्रावर उमटवलेल्या मालकीच्या पुसट खुणेचे) तुकडेसुद्धा समोर येतात. वॉटरमार्क दिसला, तर चित्र कुठून तरी उचललेले असण्याची शक्यता दाट आहे.

पीएनजीमध्ये मजकुराचे छोटे कप्पेही असतात आणि ‘कर्ता’, ‘कॉपीराइट’, ‘स्रोत’ यांसाठीचे ठरावीक शब्द मूळ प्रमाणातच दिलेले आहेत. फाइल पुन्हा पुन्हा सेव्ह होताना ते बहुधा गळून पडतात, तरी मेटाडेटा (फाइलमध्येच साठवलेली ही माहिती) तपासायला एक मिनिटही लागत नाही. त्यानंतर उलट चित्रशोध (चित्र देऊन त्याच्या इतर प्रती शोधणे) करा, पण चित्र साध्या रंगावर ठेवून करा. सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठ्या आकाराची प्रत जिथे सापडेल, तिथे मूळ कर्ता सापडण्याची शक्यता अधिक असते. तो सापडला, तर त्याला लिहून विचारा. नेमका वापर, पुस्तकाचे स्वरूप आणि श्रेय कुठे छापणार हे स्पष्ट लिहिले, तर होकार मिळणे सोपे जाते.

उत्तर ३ – कात्री आणि कागद

माझा आग्रह असा, की तयार कापलेले चित्र शोधण्याऐवजी स्वच्छ परवान्याचे मूळ छायाचित्र शोधावे आणि ते स्वतः कापावे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये आपल्या संग्रहातील कॉपीराइटमुक्त कलाकृतींची छायाचित्रे सीसी-शून्याखाली (म्हणजे कोणतीही अट न घालता) खुली केली; अमेरिकेतील स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेने २०२० मध्ये तब्बल २८ लाख प्रतिमांपासून सुरुवात केली. कीटकांची जुनी, हाताने रंगवलेली चित्रे हवी असतील, तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात त्यांचा खजिनाच आहे. मुलांच्या पुस्तकाला तशी चित्रे छायाचित्रापेक्षा अधिक शोभतील, असे माझे मत आहे. मात्र प्रत्येक चित्राशेजारची हक्कांची नोंद वाचा. संग्रह खुला असला, तरी त्यातली प्रत्येक वस्तू खुली असतेच असे नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत (कर्ते आपले काम ठरावीक अटींवर इतरांना वापरू देतात ते तयार परवाने) ‘एनसी’ (अव्यावसायिक वापर) असेल, तर मानधनाच्या कामाला ते चित्र घेऊ नका. ‘एनडी’ (रूपांतरास मनाई) असेल, तर कापून आणि रंग बदलून तयार केलेले चित्र प्रसिद्ध करता येत नाही. ‘एसए’ (त्याच अटींवर पुढे देणे) असेल, तर तुमचे रूपांतरही त्याच परवान्याखाली द्यावे लागते आणि प्रकाशक त्याला क्वचितच तयार होतो. उरतात सीसी-शून्य आणि ‘बाय’ (फक्त श्रेय देण्याची अट).

लेअरच्या फाइलबद्दलही सांगायला हवे. पैसे देऊन घेतलेल्या स्टॉक चित्रांच्या (विक्रीसाठी तयार ठेवलेल्या चित्रांच्या) परवान्यात, मूळ चित्र वेगळे काढून घेता येईल अशा रूपात दुसऱ्याला देण्यास बहुधा मनाई असते. सुटा, पारदर्शक लेअर म्हणजे नेमके तेच. स्टॉकचे चित्र घ्यायचे झाले, तर परवाना प्रकाशकाच्या नावाने घ्या किंवा तो लेअर खालच्या चित्रात विलीन करून द्या.

रंगरेषा

मनःपूर्वक आभार. लेअरचा मुद्दा माझ्या लक्षात आलाच नसता. ‘बाय ४.०’ परवान्याचे, छायाचित्रकाराचे नाव दिलेले एक फुलपाखरू मला आता मिळाले आहे आणि ते मी स्वतः कापत आहे. श्रेय मुखपृष्ठावरच छापावे लागेल का?

शाईचा ठिपका

नाही. परवाना ‘माध्यमाला साजेशा वाजवी रीतीने’ श्रेय द्यायला सांगतो. पुस्तकात ते श्रेयपानावर चालते. कर्त्याचे नाव, चित्राचा दुवा, परवान्याचे नाव आणि त्याचा दुवा, एवढे द्या आणि ‘पार्श्वभूमी काढली, रंग बदलले’ हे न विसरता लिहा, कारण केलेला बदल नोंदवणे ही या परवान्याची अटच आहे. हीच ओळ लेअरच्या नावात आणि फाइलच्या मेटाडेटातही भरून ठेवा, म्हणजे पुढच्या आवृत्तीवर दुसरा कोणी काम करू लागला, तरी छायाचित्रकाराचे नाव चित्राबरोबरच राहील.