उत्तर: कार्डं विकली तर काय बिघडतं?

हाताने रंगवलेलं छोटं कार्ड शंभर रुपयांना सहज जाईल, मग इतर कलाकारांशी अदलाबदल कशाला, असं इथे कुणीतरी विचारलंय. विका की खुशाल, पण मग त्याला एटीसी, म्हणजे आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड, म्हणू नका. १९९७ मध्ये झुरिकला स्टिर्नेमान या कलाकाराने हा प्रकार सुरू केला तेव्हापासून कार्डाच्या बदल्यात कार्ड, पैसे नाहीत, हीच मुख्य अट आहे. विकायच्या कार्डांना एसीईओ (आर्ट कार्ड्स, एडिशन्स अँड ओरिजिनल्स) हे वेगळं नाव आहेच. माप दोन्हींचं एकच, अडीच बाय साडेतीन इंच, त्यामुळे क्रिकेट कार्डांच्या प्लास्टिक पाकिटात ती बरोब्बर बसतात.

त्या पाकिटांबद्दल मात्र इथे कुणी बोललं नाही. मुंबईच्या पावसाळ्यात ॲक्रिलिकचा रंग दमट हवेने चिकट होतो आणि प्लास्टिकला असा धरतो की सोडवताना रंगाचा पापुद्राच निघून येतो. माझ्याकडे आलेलं एक छान कोळीणीचं कार्ड असंच गेलं, टोपलीतले बोंबील पाकिटालाच राहिले. आता मध्ये बटर पेपर घालते. जलरंगाला हा त्रास नाही, पण कागद जाड, निदान ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या, नाहीतर जुलैत कार्डाची पुरणपोळीसारखी घडी होते.