पॅराफिन ब्लॉकच्या छेदांवर सीडी४ का रंगत नाही?

प्रश्न:
फॉर्मॅलिनमध्ये स्थिर केलेल्या लसिकाग्रंथींच्या जुन्या पॅराफिन (मेणाच्या) ब्लॉकमधून ४ मायक्रॉनचे छेद घेऊन, त्यांतील टी आणि बी पेशी मोनोक्लोनल अँटिबॉडींच्या साहाय्याने ओळखण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. एल२६ या क्लोनने (एकाच पेशीवंशातून मिळणाऱ्या अँटिबॉडीने) बी पेशींवरील सीडी२० हे प्रथिन स्वच्छ उमटते. बी पेशींच्या कडा तपकिरी दिसतात. मात्र सहायक टी पेशींवरील सीडी४ या प्रथिनाची जी अँटिबॉडी गोठवलेल्या छेदांवर उत्तम चालते, ती येथे काहीच दाखवत नाही. तिचे प्रमाण चौपट केले, तर केवळ पार्श्वभूमी गढूळ झाली. ब्लॉकच निकामी झाले असतील का?

उत्तर १:
त्याच ब्लॉकवर सीडी२० नीट रंगत असल्याने ब्लॉक बाद समजू नका. अडचण बहुधा क्लोनची आहे. मोनोक्लोनल अँटिबॉडी प्रथिनावरील एकच एपिटोप (अँटिबॉडी जिथे चिकटते तो छोटा भाग) ओळखते, आणि फॉर्मॅलिन प्रथिनांमध्ये मिथिलीन सेतू बांधत असल्यामुळे, प्रथिनाच्या घडीवर अवलंबून असलेला एपिटोप त्यात हरवला की प्रमाण कितीही वाढवले तरी उपयोग होत नाही. एल२६ सीडी२०चा पेशीद्रवातील भाग ओळखतो. सीडी८ (मारक टी पेशींवरील प्रथिन) ओळखणारा सी८/१४४बी हा क्लोन तर पेशीद्रवातील टोकाच्या छोट्या पेप्टाइडवरच तयार केलेला आहे. म्हणूनच दोन्ही पॅराफिनमध्ये टिकतात. सीडी४साठी १एफ६ किंवा ४बी१२ घ्या.

उत्तर २:
क्लोन बदलताना प्रतिजन पुनर्प्राप्तीकडेही, म्हणजे फॉर्मॅलिनने झाकलेले प्रतिजन (अँटिबॉडीने ओळखायचे प्रथिन) पुन्हा उघडे करण्याकडेही, लक्ष द्यावे. छेद द्रावणात तापवण्याची पद्धत १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हापासून पॅराफिनमधील कितीतरी प्रतिजन आवाक्यात आले. तरीही सीडी४ला पीएच ६चे सायट्रेट बफर अनेकदा पुरत नाही, पीएच ९चे ट्रिस-ईडीटीए बफर वापरून पाहावे. प्रत्येक वेळी टॉन्सिलचा छेद सोबत ठेवा. त्यात पुटकांच्या (बी पेशींच्या गोल पुंजक्यांच्या) मधल्या जागेतील टी पेशी गडद आणि मॅक्रोफेज (भक्षक पेशी) फिके रंगले पाहिजेत. हे फिके रंगणे मला फार मोलाचे वाटते, कारण ते दिसले नाही तर संवेदनशीलता कमी पडते आहे असे समजावे. मॅक्रोफेजवरही सीडी४ असतोच, म्हणून प्रत्येक तपकिरी पेशी सहायक टी पेशी म्हणून मोजू नका. लगतचा छेद सीडी३ने (टी पेशींवरील प्रथिनाच्या अँटिबॉडीने) रंगवून पडताळा घ्या.

प्रश्नकर्ता:
१एफ६ आणि पीएच ९ने टॉन्सिल अपेक्षेप्रमाणे रंगले, मनापासून आभार. माझ्या एका मोठ्या ग्रंथीत मात्र कडेचा पट्टा उत्तम आहे आणि मध्यभाग फिका आहे.

उत्तर २:
ती ग्रंथी न चिरता अखंडच फॉर्मॅलिनमध्ये टाकली गेली असावी. फॉर्मॅलिन आत हळूहळू झिरपते, त्यामुळे मध्यभाग वेळेत स्थिर होत नाही आणि तेथील पेशी बिघडू लागतात. या ब्लॉकमधील मोजणी कडेच्या पट्ट्यापुरतीच ठेवा, आणि मध्यभागात सीडी४ पेशी कमी आहेत असा निष्कर्ष अहवालात लिहू नका.