मदत हवी आहे: डाव्या हातात जॉयस्टिक, उजव्या हातात माउस, गेम ऐकत नाही

कळवैरी:
नमस्कार. चालणं डाव्या हातातल्या जॉयस्टिकवर, बघणं आणि नेम उजव्या हातातल्या माउसवर, असं खेळायचंय. स्टिक हलवली की माउस मेला. स्टिक सोडली की माउस जिवंत. दोन्ही एकत्र चालतच नाहीत. स्टिक खराब नाही, माउसही नाही. तीन रात्री गेल्या यात. माहीत असेल त्याने कृपया थेट उपाय सांगा.

शून्यविलंब:
कोणता गेम? कोणती स्टिक? विंडोज की लिनक्स? स्टीम या गेमच्या अॅपवरून चालवता का? आणि स्टिक खराब नाही हे कशावरून ठरवलंत?

उजवीडावी:
मीही डावखुरी, त्रास समजू शकते. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये मुख्य बटण उजवं करून टाका, म्हणजे माउस डावीकडे घेतला तरी तर्जनीनेच क्लिक होतं. पहिला आठवडा जड जातो. माउस घेताना दोन्ही बाजूंनी सारखा असलेला बघा, अंगठ्याला खाच असलेले बहुतेक उजव्या हाताचेच असतात.

कळवैरी:
ताई, मी डावखुरा नाही. माउस उजव्याच हातात आहे. वर लिहिलंय.

जुनंखोड:
एवढा खटाटोप कशाला? कीबोर्डवरच्या डब्ल्यू-ए-एस-डी कळा वापरा की. सगळं जग त्यावरच खेळतं. जॉयस्टिक विमानं उडवायला असते, माणसं चालवायला नाही.

पंखवाला:
काका, विमानातही डावा हात चालतो बरं! एअरबस ए३२० च्या कॉकपिटमध्ये कॅप्टन डाव्या खुर्चीत बसतो, साइडस्टिक, म्हणजे बाजूची जॉयस्टिक, त्याच्या डाव्या हाताला आणि थ्रस्टचे, म्हणजे इंजिनाच्या जोराचे, दांडे उजव्या. १९८८ पासून हे विमान सेवेत आहे, कोणाचं काही अडलेलं नाही. मी सिम्युलेटरसाठी टी.१६०००एम ही जॉयस्टिक घेतली ती त्याचमुळे. तिचे तळहाताचे आणि अंगठ्याचे भाग काढून उलटे बसवता येतात, म्हणजे डाव्या हातालाही नीट बसते. आत हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकावर चालणारा, आहे, घासून झिजण्याची भानगड नाही. धागाकर्ते, तुमची कोणती?

कळवैरी:
तीच, टी.१६०००एम. भाग उलटे बसवलेत. विंडोज. स्टीम, हो. गेमचं नाव काय करायचंय, दोन वेगवेगळ्या गेममध्ये हेच होतंय, दोन्ही एकट्याने खेळायचे. स्टिक ठीक आहे हे 'जॉय डॉट सीपीएल' ही विंडोजची चाचणीची खिडकी उघडून बघितलंय, चौकोनातलं अधिक-चिन्ह नीट फिरतं.
आणि कीबोर्ड वापरा म्हणणाऱ्यांसाठी एकदाच लिहितो: डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी दोन वर्षांपासून वळत नाहीत. ए दाबला की शिफ्ट सुटतो. दांडा मात्र मुठीत धरता येतो. कृपया हा विषय इथेच थांबवा.

शून्यविलंब:
ही माहिती पहिल्याच पोस्टमध्ये हवी होती. असो. एक सांगा, माउस आणि स्टिक एकदम हलवल्यावर पडद्यावरची बटणांची चिन्हं लुकलुकतात का?

कळवैरी:
हो!! दारापाशी उभा राहिलो की 'ई दाबा'चं 'एक्स दाबा' होतं, लगेच परत ई. बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखं.

शून्यविलंब:
मग निदान झालं. बरेच गेम एका वेळी एकच साधन चालू धरतात. तुमची स्टिक मुळात डायरेक्टइनपुटची, म्हणजे विंडोजच्या जुन्या पद्धतीने बोलणारी. नव्या गेमना बहुतेक फक्त एक्सइनपुट, म्हणजे एक्सबॉक्सच्या पॅडची नवी पद्धत, कळतं, म्हणून स्टीम मधे पडून तुमच्या स्टिकला एक्सबॉक्सचा पॅड म्हणून पुढे करतं. गेमला वाटतं, खेळाडूने पॅड उचलला, आता माउस कशाला ऐकायचा. उपाय: गेमला पॅड दिसूच द्यायचा नाही. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंट्रोलर या भागात जाऊन स्टीम इनपुट बंद करा. मग अँटीमायक्रोएक्स किंवा जॉयटूकी हा स्टिकच्या हालचालींना कळा बनवणारा प्रोग्रॅम टाका आणि स्टिकच्या चार दिशांना डब्ल्यू, ए, एस, डी द्या. गेमच्या लेखी तुम्ही कीबोर्ड आणि माउसवर खेळताय.

अक्षप्रेमी:
असहमत. कळा केल्या की अॅनालॉगपणा गेला, मग स्टिक कशाला? हळू चालणं, तिरकं वळणं, सगळं संपलं, उरल्या आठ दिशा. उलट करा. स्टिक पॅड म्हणूनच राहू द्या आणि माउसला पॅडची उजवी स्टिक बनवा, बघायला तीच असते. माझं तसंच आहे, वर्षभर खेळतोय.

शून्यविलंब:
आणि नेम लागतो? माउस सांगतो 'एवढं सरकलो'. स्टिक सांगते 'एवढी कललेय', त्यावरून गेम वळण्याचा वेग ठरवतो. त्या वेगाला कमाल मर्यादा असते. माउस झटक्यात फिरवला तरी मान आपल्या गतीनेच वळणार, आणि बारीक हालचाल डेडझोन, म्हणजे मध्याजवळचा न मोजला जाणारा भाग, गिळणार. ज्याला माउस नेमासाठीच हवाय त्याला हे सुचवणं म्हणजे आजार बरा आणि रोगी ठार.

अक्षप्रेमी:
डेडझोन शून्य करता येतो. तुम्ही करून न बघताच बोलताय.

शून्यविलंब:
करून बघूनच बोलतोय. दोन दिवसांत काढून टाकलं.

जुनंखोड:
बोटांचं माहीत नव्हतं, माफ करा. अवांतर: १९७७ साली आलेल्या अटारीच्या जॉयस्टिकला बटण डाव्या वरच्या कोपऱ्यात होतं. म्हणजे डाव्या अंगठ्याने गोळी आणि उजव्या हाताने दांडा. पुढे निन्टेंडोच्या फॅमिकॉमपासून (१९८३) दिशा डाव्या अंगठ्याकडे गेल्या त्या आजतागायत. तेव्हा धागाकर्ते करताहेत तेच आता रूढ आहे.

पंखवाला:
अटारीचं आठवण करून दिलंत काका, वेगळा धागा काढा ना यावर.

कळवैरी:
अवांतर नंतर. स्टीम इनपुट बंद केलं, अँटीमायक्रोएक्स टाकलं. एका गेममध्ये जमलं!! दुसऱ्यात चिन्हं अजून लुकलुकतात आणि गडी आपोआप वर बघतो.

शून्यविलंब:
दुसरा गेम डायरेक्टइनपुटही वाचतोय. त्याला कळाही मिळताहेत आणि खरी स्टिकही दिसतेय. हिडहाइड हा साधनं लपवणारा प्रोग्रॅम टाका, त्याच्या यादीत स्टिकवर खूण करून ती लपवा, यूएसबी काढून परत जोडा.

कळवैरी:
केलं. आता काहीच चालत नाही. अँटीमायक्रोएक्सलाही स्टिक दिसत नाही. छान.

शून्यविलंब:
हिडहाइडच्या परवानगीच्या यादीत अँटीमायक्रोएक्सची ईएक्सई फाइल घातलीत का? नाही तर स्टिक त्याच्यापासूनही लपते. घाला आणि ते बंद करून पुन्हा उघडा.

मधलाअंगठा:
स्टिक टेबलावर सरकत नाही का? मी निन्टेंडो स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरचा फक्त डावा अर्धा भाग मुठीत धरतो, ब्लूटूथवर, हात मांडीवर ठेवून. काम फक्त अंगठ्याला, बाकीची बोटं नुसती धरायला. दांड्याला मनगट हलवावं लागतं, दिशा बदलायला वेळ जातो.

अक्षप्रेमी:
त्यापेक्षा थंबस्टिकवाला, म्हणजे अंगठ्याने हलवायची छोटी स्टिक असलेला, डाव्या हाताचा कीपॅड घ्या.

कळवैरी:
कीपॅडला बोटं लागतात. बोटंच नाहीयेत, तर कीपॅड घेऊन काय करू? जॉय-कॉनचं बघतो, मित्राकडे आहे.
परवानगीचं राहिलंच होतं. घातलं, आता दोन्ही गेममध्ये माउस आणि स्टिक एकत्र चालतात. पहिल्यांदा पळता पळता मागे वळून बघितलं, काय सांगू. शून्यविलंब, आभार.
पण एक नवीन. पुढे चालून दांडा एकदम सोडला की गडी अर्धं पाऊल मागे येतो. कड्याच्या टोकाशी दोनदा थांबलो, थांबताना मागे सरकला म्हणून वाचलो. उलटं तोंड असतं तर गेलोच होतो.

शून्यविलंब:
स्प्रिंग दांड्याला मध्यापलीकडे नेते, तेवढ्यात क्षणभर एस दाबला जातो. डेडझोन वाढवा. पंचवीस-तीस टक्क्यांपासून सुरू करा, तरी आला तर अजून थोडा. किंवा दांडा सोडून देऊ नका, मधे आणून थांबवा.

कळवैरी:
तीसवर थांबलं. आता पळण्याचा शिफ्ट कुठे द्यावा? ट्रिगरवर दिला तर मूठ लवकर दुखते.

मधलाअंगठा:
ट्रिगर मोकळा सोडा. अँटीमायक्रोएक्समध्ये दिशेच्या प्रगत मांडणीत अंतरानुसार वेगळी कळ देता येते. अर्ध्यापर्यंत नुसता डब्ल्यू, त्यापुढे डब्ल्यू आणि शिफ्ट. दांडा थोडा ढकलला की चालणार, पूर्ण ढकलला की पळणार.

अक्षप्रेमी:
म्हणजे शेवटी अॅनालॉगच हवं होतं. मी हेच म्हणत होतो.

शून्यविलंब:
दोन पायऱ्यांना अॅनालॉग म्हणत नाहीत.

उजवीडावी:
माझा पहिला प्रतिसाद चुकीच्या प्रश्नाला होता, क्षमस्व. पण माउस डावीकडे घेणाऱ्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून राहू देते.

कळवैरी:
अंतराची युक्ती जमली, पण फक्त पुढच्या दिशेला. तिरकं गेलं की शिफ्ट सुटतो. तिरक्या दिशांना वेगळं द्यावं लागतं का? झोपायच्या आत कोणी सांगेल का?